सिनेमा धुवावा, पण किती?

भाची मेलबर्नला असते. गेल्या जानेवारीत तिने एक व्हिडिओ पाठवला. करडे, उभेच्या उभे खडक, फटींतून वाढलेली निलगिरी, आणि एक पोरगा कड्यावर उभा राहून हातांचा कर्णा करून ओरडतोय, ‘मिरांडाऽऽ!’ आजूबाजूची माणसं हसतायत, पलीकडून कुणी ओ देतंय. खाली तिचा प्रश्न : ‘मामा, ही मिरांडा कोण? इथे जो येतो तो हिलाच हाका मारतो.’

मिरांडा कोण, हे सांगण्यात फोनवर अर्धा तास गेला. मेलबर्नहून गाडीने तासाभरावर, माउंट मॅसिडनजवळ हा हँगिंग रॉक आहे आणि मिरांडा ही तिथे हरवलेली शाळकरी मुलगी. खरं तर ती कधी नव्हतीच. जोन लिंडसे यांच्या 1967 च्या कादंबरीत ती जन्मली, आणि दिग्दर्शक पीटर वीअरच्या 1975 च्या ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ या सिनेमाने तिला इतकं खरं केलं की पन्नास वर्षांनंतरही लोक तिला शोधायला जातात. गोष्ट थोडक्यात अशी. 14 फेब्रुवारी 1900, शनिवार. (पंचांग काढून पाहिलं तर त्या दिवशी बुधवार होता. इथूनच या गोष्टीत काळ जागेवर नाही.) ॲपलयार्ड कॉलेज या मुलींच्या निवासी शाळेची सहल खडकाकडे निघते. वूडेंड गाव मागे पडेपर्यंत हातमोजे काढायचे नाहीत, अशी बड्या बाईंची ताकीद. दुपारी चार मुली खडकावर चढतात. एक किंचाळत परत येते, तिघी येत नाहीत. गणिताच्या बाईही येत नाहीत. काही दिवसांनी तिघींतली एक सापडते, तिला काही आठवत नाही. बाकीच्यांचं काय झालं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, नव्वदच्या सुरुवातीला, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. प्रिंट पार थकलेली होती. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि मागे लालसर गुलाबी उरतो, तसं झालं होतं. मुलींचे पांढरे झगे गुलालातून काढल्यासारखे दिसत होते आणि निलगिरीची पानं विटकरी. मधे दोनदा फिल्म तुटली, दिवे लागले, मागच्या रांगेतल्यांनी शिट्ट्या मारल्या. तरी एक दृश्य डोक्यात घर करून राहिलं : सापडलेली इर्मा आता हिंडूफिरू लागली आहे, आणि हरवलेल्या मुलींच्या शोधात खडकावर रात्र काढलेला मायकेल हा इंग्रज तरुण तिच्यासोबत आहे. दोघांनाही विचारायचं आहे ते एकच आणि ते कुणीच विचारत नाही.

पुढे काही वर्षांनी डीव्हीडी हातात आली. ते दृश्य नाही. मागे जाऊन पुन्हा पाहिलं, नाही. ज्याच्याबरोबर तो खेळ पाहिला होता त्या मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, ‘तू दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमातलं आणून इथे चिकटवलं आहेस.’ बरीच वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

मग कळलं की 1998 साली वीअरने सिनेमा पुन्हा कात्रीत घेतला होता. ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हटलं की निर्मात्याने कापलेलं परत जोडलेलं, जास्त लांबीचं काहीतरी असणार असं आपण समजतो. इथे उलटं झालं. 115 मिनिटांचा सिनेमा 107 मिनिटांचा झाला. इर्मा आणि मायकेलची जवळीक दाखवणारा भाग त्यात गेला. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने कापलेल्या आठ मिनिटांची ही साडेअकरा हजार चित्रं झाली. तिघी मुलींसारखीच ती गेली, आणि पुढे बरीच वर्षं दुकानात मिळायची ती हीच आखूड आवृत्ती.

माझं गाऱ्हाणं माझ्या आठवणीपुरतं असतं तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण जुने सिनेमे वाचवण्याचं काम आता जगभर सुरू आहे, त्यात सरकारी पैसा आहे, आपल्याकडेही आहे. आणि या कामात एक प्रश्न हळूच बाजूला सारला जातो : वाचवायचा तो नेमका कुठला सिनेमा? दिग्दर्शकाच्या मनातला की लोकांनी पाहिलेला? माझं मत आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक संग्रहालयाचं पहिलं देणं लोकांनी पाहिलेल्या सिनेमाशी आहे. दिग्दर्शकाने त्याची दुसरी, तिसरी, दहावी आवृत्ती खुशाल काढावी, तीही जपावी. पण पहिलीवर बोळा फिरवायचा अधिकार त्याला नाही. आणि लॅबमधल्या माणसाला, संगणकाला तर मुळीच नाही.

आधी पैशाचं बोलू. ‘पिकनिक’ हा खाजगी शेठचा सिनेमा नव्हता. 1970 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सिनेमा जवळजवळ बनतच नव्हता. पडद्यावर दिसायचं ते अमेरिकेचं आणि इंग्लंडचं. आधी पंतप्रधान गॉर्टन आणि मग व्हिटलम यांच्या सरकारांनी सिनेमासाठी तिजोरी उघडली, आणि साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने 1972 मध्ये स्वतःचं फिल्म महामंडळ काढलं. ‘पिकनिक’मध्ये या दोन्ही थरांवरचा सरकारी पैसा होता. म्हणून तर गोष्ट मेलबर्नच्या व्हिक्टोरिया राज्यातली आणि शाळेची इमारत मात्र साउथ ऑस्ट्रेलियात, मिंटारो गावच्या मार्टिन्डेल हॉल या जुन्या हवेलीत. पडद्यावर पोरी सकाळी घोडागाडीत बसतात आणि दुपारी खडकापाशी पोचतात, प्रत्यक्षात मधे शेकडो किलोमीटर आहेत. पहिला खेळही साउथ ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, ॲडलेडलाच झाला, 8 ऑगस्ट 1975 ला.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. 1975, 76 आणि 77 अशी सलग तीन वर्षं ऑस्ट्रेलियात निवासी शाळांवरचे तीन गाजलेले सिनेमे आले. वीअरनंतर फ्रेड शेपिसीने पाद्री घडवणाऱ्या कॅथलिक शाळेवर ‘द डेव्हिल्स प्लेग्राउंड’ केला, त्यानंतर ब्रूस बेरेसफर्डने हेन्री हँडेल रिचर्डसन यांच्या 1910 च्या कादंबरीवरून ‘द गेटिंग ऑफ विज्डम’. नुकता कुठे स्वतःच्या आवाजात बोलायला लागलेला देश पहिल्यांदा कशाबद्दल बोलला, तर शिस्तीच्या वसतिगृहाबद्दल. घट्ट कोर्सेट, पाठ करायला दिलेल्या इंग्रजी कविता, फी थकलेल्या अनाथ मुलीचा होणारा पाणउतारा. साम्राज्याच्या हाताखाली वाढणं म्हणजे काय, हे सांगायला त्यांना याहून सोपी जागा सापडली नसावी. अशा सिनेमाची 1975 ची प्रत हा नुसता करमणुकीचा जुना माल राहत नाही. तो दप्तरातला कागद आहे, आणि दप्तरातल्या कागदावर मागाहून खाडाखोड करायची नसते, मग ती सही करणाऱ्याने स्वतः केलेली का असेना.

आता धुण्याबद्दल, कारण कात्रीपेक्षा मला भीती साबणाची जास्त वाटते.

‘पिकनिक’ ज्याने कुणी पाहिला आहे त्याला आधी आठवतो तो उजेड. मधाळ, तंद्री लागल्यासारखा. छायाचित्रकार रसेल बॉइडने तो कसा मिळवला, तर भिंगावर नवरीच्या ओढणीचं तलम जाळीदार कापड ताणून. शिवाय सहलीची दृश्यं रोज दुपारच्या ठराविक वेळीच घेतली, जेव्हा ऊन झाडांतून त्या मोकळ्या जागेत उतरायचं. तेवढा वेळ सरला की कॅमेरा बंद. त्या कामाबद्दल बॉइडला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. म्हणजे या चित्राचा मऊपणा, कडांचं विरघळणं, पांढऱ्या कपड्यांभोवतीचं ते किंचित वलय, हे सगळं मुद्दाम आणि कष्टाने आणलेलं आहे.

आता हेच चित्र संगणकापुढे ठेवा. आजची यंत्रं चेहरा कोरून काढण्यात पटाईत आहेत. मऊ कड दिसली की त्यांना ती चूक वाटते. फिल्मचे दाणे दिसले की तो कचरा वाटतो. दाणे पुसले की त्वचा मेणासारखी होते, मग त्या मेणावर यंत्र स्वतःच्या मनाने बारकावे काढतं, जे बॉइडच्या निगेटिव्हवर कधी नव्हतेच. धूळ टिपणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरचंही तेच. एकाच चौकटीत दिसून पुढच्या चौकटीत गायब होणारा ठिपका म्हणजे धूळ, असा त्याचा हिशेब. माणसाने मागे बसून लक्ष दिलं नाही तर ते पावसाचे थेंब पुसतं, ठिणग्या पुसतं, उन्हात उडणारे किडे पुसतं. आणि हा सिनेमा तर किड्या-मुंग्यांचा आहे! व्हॅलेंटाइनचा केक कापला जातो, मुली पेंगतात, आणि कॅमेरा मुंग्यांकडे जातो. माणसांची दुपार थांबली आहे, बाकी जंगलाची चालू आहे, हे त्या मुंग्यांवरून कळतं.

आवाजाची गत याहून नाजूक. खडकाच्या दृश्यांखाली एक घरघर सतत चालू असते. कानाला ऐकू येते म्हणण्यापेक्षा छातीत जाणवते. वीअरने त्यासाठी भूकंपाचा ध्वनिमुद्रित आवाज संथ करून वापरला होता. घोंघाट काढणाऱ्या यंत्राला ती घरघर कशी दिसेल? जुन्या ध्वनिपट्टीतल्या घरघरीसारखीच. ती काढून टाकली तर सिनेमाभर वाजणारी झांफीर या वादकाची बासरी एकदम स्वच्छ येईल आणि खडक गप्प होईल.

असा घोटाळा या सिनेमाचा झालाच आहे, असं मी म्हणत नाही. त्याची 4के प्रत मी पाहिली आहे, ती मला जबाबदारीने केलेली वाटली, धुकं जागेवर आहे. पण जबाबदारी ही माणसागणिक बदलणारी गोष्ट आहे. पुढच्या खेपेला हे काम कमी पैशांत, घाईत, एखाद्या कंपनीच्या ‘एका बटणात चकाचक’ योजनेत गेलं तर काय? म्हणून नियम हवा, आणि तो सोपा आहे : फिल्मला वापरामुळे, वयामुळे, निष्काळजीपणामुळे जे झालं ते काढा. ओरखडे, डाग, उडालेला रंग, फाटलेली भोकं. ती बनवताना जे केलं गेलं त्याला हात लावू नका, चुकलेलं असेल तरी. दोन्हींतला फरक कळत नसेल तर थांबा आणि लॅबने त्या काळी मंजूर केलेली प्रिंट, कागदपत्रं, काम केलेली माणसं शोधा. वीअर आणि बॉइड दोघंही ऐंशी ओलांडलेले. विचारायचं ते आताच विचारून, लिहून ठेवायला हवं.

हा नियम मराठी माणसाला नवा वाटू नये. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या हस्तलेखनात पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या शिरल्या होत्या. नाथ स्वतः काही लहानसहान कवी नव्हते. एखादी ओवी ‘सुधारायची’ म्हटलं असतं तर त्यांना जड नव्हतं. त्यांनी अनेक प्रती पडताळल्या, पाठ लावले, आणि शेवटी बजावून ठेवलं : ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली मराठी ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली म्हणून समजा. लॅबच्या भिंतीवर लावावी अशी ही ओवी आहे.

पण इथे कुणी चलाख वाचक मला पकडेल. नाथांची ताकीद परक्यांना होती. खुद्द ज्ञानदेवच परत येऊन म्हणाले असते, ‘या शंभर ओव्या काढा, आता मला पाल्हाळ वाटतात,’ तर? वीअरचं तसंच आहे. तो निर्माता नाही, सेन्सॉर नाही, उपरा नाही. त्याचाच सिनेमा, त्यालाच तेवीस वर्षांनी वाटलं की मधला भाग रेंगाळतो, मुलींच्या गायब होण्यावरची नजर हलते. पन्नाशीच्या माणसाने तिशीतल्या स्वतःचं लिखाण तपासलं. हा अधिकार नाकारणारे आपण कोण?

युक्तिवादात दम आहे, आणि मी तो अर्धा मानतो. कवी पुढच्या आवृत्तीत कविता बदलतात, आपण तक्रार करत नाही. पण का करत नाही? कारण पहिली आवृत्ती कुठल्या तरी वाचनालयात, कुणाच्या तरी माळ्यावर असतेच. कवीला ती घरोघर जाऊन परत मागता येत नाही. सिनेमाचं तसं नसतं. प्रेक्षकाच्या हातात काही उरत नाही, उरतं ते तिकिटाचं अर्धुक. मालकाने निगेटिव्हलाच कात्री लावली आणि जुन्या प्रिंट गुलाबी होऊन, आंबूस वास मारत मेल्या, की पहिली आवृत्ती जगातून गेली. ती होती असं म्हणणारा माणूस मग माझ्यासारखा वेडा ठरतो. (आंबूस वास खरंच येतो. ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो, आणि एका डब्याची लागण शेजारच्या डब्याला होते.)

दुसरं असं की वयाने आठवण बदलते. बॉइडला 1975 चा उजेड आज जसा आठवतो तो मधल्या पन्नास वर्षांच्या कामातून गाळून आलेला असणार. कलाकाराची आजची पसंती हा पुरावा आहे, तो घ्यावाच. पण तो अनेकांतला एक पुरावा.

आता माझंच तत्त्व माझ्यावर उलटवून पाहतो, कारण त्याशिवाय ते खरं की खोटं कळणार नाही.

‘पिकनिक’चा पहिला खेळ 8 ऑगस्ट 1975 ला झाला. बरोबर आठवड्याने, 15 ऑगस्टला, मुंबईत ‘शोले’ लागला. तिकडे हँगिंग रॉकचे खडक, इकडे रामनगरचे. दोन्ही सिनेमे खडकांशिवाय उभे राहत नाहीत, पण ते असो. आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूर गब्बरला मारायच्या बेतात असताना पोलीस येतात आणि कायदा हातात घेऊ नका म्हणून समजावतात. तीन पिढ्यांनी हाच शेवट पाहिला. जून 2025 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केलेला ‘शोले’ इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला, तो रमेश सिप्पींनी मुळात चित्रित केलेल्या शेवटासह. मूळ निगेटिव्हची अवस्था वाईट होती, परदेशातल्या गोदामात मिळालेल्या मधल्या प्रतींचा (निगेटिव्ह आणि प्रिंट यांच्यामधली पायरी) आधार घ्यावा लागला. मोठं काम आहे, टोपी काढावी असं.

पण माझ्या नियमाने? लोकांनी 1975 मध्ये पाहिलेला सिनेमा हा नव्हता. मग मी हा शेवट नको म्हणू का? छे. तो पाहायला मी तरसलो होतो. मात्र यापुढे ‘शोले’ म्हणजे फक्त हाच, पोलीस येणारा शेवट रद्दबातल, असं कुणी ठरवलं तर मी विरोधात उभा राहीन. तो लादलेला शेवट वाईट आहे, ठिगळ दिसतं. पण ते ठिगळ आणीबाणीने लावलेलं आहे. त्या वर्षी या देशात ठाकूरलाही कुणाची परवानगी लागत होती, हे नातवंडांना सांगायला त्या दोन मिनिटांहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही. दोन्ही ठेवा. डब्यावर साल घाला, कुणी, केव्हा, का बदललं ते लिहा.

डब्यावर नीट लिहिणं ही वरवर कारकुनी बाब वाटते, पण अर्धं जतन तिथेच होतं. ऑस्ट्रेलियाचा 1919 चा मूकपट ‘द सेंटिमेंटल ब्लोक’. त्याची उत्तम प्रत अमेरिकेतल्या संग्रहात पडून होती आणि डब्यावर नाव होतं ‘द सेंटिमेंटल ब्लाँड’. कुणा सोनेरी केसांच्या बाईचा सिनेमा समजून कोण उघडेल? 1971 च्या ‘वेक इन फ्राइट’ची गोष्ट तर अंगावर काटा आणते. त्याचं निगेटिव्ह कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. संकलक अँथनी बकली वर्षानुवर्षं देशोदेशी विचारत फिरला, आणि अखेर 2004 मध्ये पिट्सबर्गच्या एका गोदामात ते सापडलं, नष्ट करायच्या मालात. थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. 2009 मध्ये तो सिनेमा पुनरुज्जीवित होऊन परत पडद्यावर आला. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहात जपलेली ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं 1913 ची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या सिनेमाची, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आपल्या सिनेमाच्या पहिल्या पानाचीच ही अवस्था. आणि 2003 च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट या चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मांच्या साठ्याला आग लागली, तेव्हा वाद घालायलाही काही उरलं नाही अशी किती पानं गेली.

पैशाचा आक्षेपही ऐकून घेतला पाहिजे. एकाच प्रसिद्ध सिनेमाच्या दोन-दोन आवृत्त्या जपायच्या, तर मग ज्यांची एकही प्रत धड नाही त्यांचं काय? ऑस्ट्रेलियाचाच 1906 चा ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. तासाभराहून मोठा होता, त्यातली उरली सतराएक मिनिटं. अशा वेळी ‘पिकनिक’ला चौथ्यांदा पॉलिश कशाला? इथे मी आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने आहे. गाजलेल्या सिनेमाला डिस्क विकणाऱ्या कंपन्या मिळतात, त्यांनी तो खर्च करावा. सरकारी पैसा आधी बेवारशांवर जावा. पण जुनी आवृत्ती ठेवणं म्हणजे पॉलिश करणं नव्हे. थंड, कोरड्या खोलीत एक प्रिंट आणि मधली एक प्रत नीट ठेवणं, एकदा साधं स्कॅन करणं, याला पॉलिशच्या मानाने किरकोळ खर्च येतो. धुतला नाही तरी चालेल, पण फेकू नका.

एका बाबतीत तर मला 1975 चा सिनेमा जसाच्या तसा हवा तो त्याच्या दोषांसाठी. हा खडक मिरांडाच्या फार आधीचा आहे. साठेक लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हारसातून तो उभा राहिला, आणि तिथे वावरणाऱ्या डजा डजा वुरंग, वोई वुरंग, टाउंगुरंग या आदिवासी समाजांसाठी ती जागा मोलाची होती. वसाहतवाद्यांनी त्यांना तिथून हुसकावलं. 1900 सालच्या गोष्टीत त्यांचा जवळजवळ मागमूस नाही. पांढऱ्या झग्यातल्या तीन काल्पनिक मुली हरवल्या म्हणून देश हळहळतो, आणि खरोखर हरवलेल्या माणसांची आठवण कुणी काढत नाही. 2017 मध्ये एमी स्पायर्स या कलावतीने ‘मिरांडा मस्ट गो’ अशी मोहीमच काढली : तिला जरा बाजूला करा, खडकाची दुसरी गोष्टही सांगा. मला तिचं म्हणणं पटतं. आणि पटतं म्हणूनच सिनेमा होता तसा ठेवला पाहिजे असं वाटतं. उद्या एखाद्या शहाण्याने शरमेपोटी त्यात दोन दृश्यं घुसडली, किंवा बोचणारा संवाद पुसला, तर भांडायचं कुणाशी?

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं नाही, अर्थात. तिला एवढंच म्हणालो की तुझ्या मामाचं एक दृश्य हरवलंय. पोरगी चिकाटीची. ब्रिटनमध्ये निघालेला एक संच तिने कुठून तरी मिळवला, त्यात दोन्ही आवृत्त्या आहेत. दिवाळीला आली तेव्हा घेऊन आली. चिवडा पुढ्यात घेऊन आम्ही लांब आवृत्ती लावली. इर्मा आली, मायकेल आला. रंग गुलाबी नव्हते, म्हणून पहिल्यांदा मला ओळखच पटेना. आठवणीत होतं त्यापेक्षा ते दोघं जास्त बोलतात. दृश्य रेंगाळतं, तेही खरं. वीअरला ते का खुपलं असेल, हे पाहता पाहता कळत गेलं.

‘कापलं ते बरंच केलं की रे मामा,’ भाची म्हणाली.

मी रिमोट घेतला आणि ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.